मुलगा इंजिनिअर, काम ओंडक्यांचं

पत्र : माझा मुलगा २७ वर्षांचा आहे. नाशिकला मेकॅनिकल इंजिनिअरिंग करून तो कॅनडात, कॅमलूप्सला शिकायला गेला. वीस लाखांचं कर्ज काढलं, त्यातलं निम्मं अजून फिटायचंय. शिक्षण झाल्यावर काही महिने एका ऑफिसात नोकरी केली, ती सोडली आणि गेलं वर्षभर १०० माईल हाऊस नावाच्या गावाजवळ ओंडक्यांची घरं बांधणाऱ्या एका यार्डात काम करतोय. फोटो पाठवतो त्यात हातात चेनसॉ (साखळीची यांत्रिक करवत) आणि अंगभर भुसा. त्याचं वर्क परमिट अजून सव्वा वर्ष आहे. ह्यांनी त्याच्याशी बोलणं टाकलंय. माझे सासरे सिन्नरला सुतारकाम करायचे. हे म्हणतात, “हातातला रंधा सुटावा म्हणून मी शिकलो, आणि माझ्या पोरानं वीस लाख घालून तोच परत हातात घेतला.” आता यार्डाचा मालक भागीदारी देतोय म्हणून मुलगा आमच्याकडे पंधरा लाख मागतोय. पैसे द्यावेत का? त्याला परत ऑफिसात जायला सांगावं का? काम धोक्याचं आहे का? स्थळं बघायला सुरुवात केली आहे, त्यांना काय सांगायचं? एकदा जाऊन बघून यावं असंही वाटतं.
– एक आई, नाशिक

उत्तर :

ताई, पैसे आत्ता देऊ नका. कारणं पुढे सांगतो, पण उत्तर छापून येईपर्यंत तुम्ही मुदतठेव मोडून बसाल अशी धास्ती वाटली, म्हणून हे आधी.

मी नोकरीची बरीच वर्षं ब्रिटिश कोलंबियात, म्हणजे तुमचा मुलगा आहे त्याच प्रांतात, इमारत तपासनीस म्हणून काढली. ओंडक्यांची घरं तळघरातून, माळ्यावरून, खिडक्यांच्या चौकटी उघडून पाहिली आहेत, आणि ती बांधणाऱ्यांशी वादही भरपूर घातले आहेत. तेव्हा या धंद्याचं मी कौतुक करीन तेही हातचं राखून आणि बदनामी करीन तीही हातचं राखून.

पहिली गोष्ट, तुमचा मुलगा लाकूडतोड्या नाही. झाडं पाडणारे वेगळे, ते जंगलात. तुमचा मुलगा यार्डात आहे आणि तिथे जे होतं ते मोठं गमतीचं आहे. ते लोक अख्खं घर आधी आपल्याच आवारात बांधतात. भिंती पुरत्या उभ्या राहिल्या की प्रत्येक ओंडक्यावर नंबर घालतात, घर उतरवतात, ट्रेलरवर चढवतात आणि गिऱ्हाइकाच्या जागेवर नेऊन क्रेनने पुन्हा रचतात. महिनोन्‌महिने खपून केलेल्या भिंती तिथे काही दिवसांत उभ्या राहतात. या भागातली घरं ट्रकने अमेरिकेत गेली आहेत आणि बोटीने जपान-जर्मनीलाही. १०० माईल हाऊस हे जेमतेम दोन हजार वस्तीचं गाव. १८६०च्या दशकात सोन्याच्या शोधात उत्तरेकडे जाणाऱ्यांसाठी लिलुएट या गावापासून शंभराव्या मैलावर उतारशाळा होती, म्हणून हे नाव. (त्याच रस्त्यावर ७० माईल हाऊस आणि १५० माईल हाऊससुद्धा आहे. नावं ठेवण्यात त्या लोकांनी फार डोकं घातलेलं नाही.) पण हाताने घडवलेल्या ओंडक्यांच्या घरांची राजधानी म्हणून ते स्वतःला मिरवतं, आणि ते मिरवणं अगदीच फुकाचं नाही. तिथून आणखी उत्तरेला, प्रिन्स जॉर्ज शहराकडे, ॲलन मॅकी नावाच्या माणसाने १९७०च्या दशकात ही घरं बांधायला शिकवणारी शाळा चालवली. मरायला टेकलेली विद्या तिथून पुन्हा पसरली. १९७४ साली या कारागिरांची संघटनाही झाली. आज तिचं स्वरूप आंतरराष्ट्रीय आहे.

आता तुमच्या यजमानांसाठी थोडं. हा भाग त्यांना वाचून दाखवा. त्यांनी लहानपणी वडिलांच्या हाताखाली पटाशी आणि पाणसळ उचलून दिली असेल, तर तुमच्यापेक्षा त्यांना हे लवकर कळेल.

कारखान्यात सगळे ओंडके यंत्रातून एका मापाचे काढून रचतात, ती घरं वेगळी. हाताच्या कामात ओंडका जसा वाढला तसाच राहतो. एका टोकाला जाड, दुसऱ्या टोकाला बारीक, मध्ये बाक, कुठे गाठ, कुठे फुगवटा. असा बारा मीटरचा, टनभर वजनाचा ओंडका त्याच्यासारख्याच दुसऱ्या वेड्यावाकड्या ओंडक्यावर असा बसवायचा की मधून वारा जाता कामा नये. त्यासाठी ते स्क्राइबर वापरतात. शाळेतल्या कंपासपेटीतलं कर्कटक मोठं करून त्यावर पाणसळीचे बुडबुडे बसवले तर जे होईल ते. खालचं टोक खालच्या ओंडक्याच्या अंगावरून फिरतं आणि तिथला प्रत्येक उंचवटा वरचं टोक वरच्या ओंडक्यावर उतरवून घेतं. बुडबुडा मधून हलला की रेघ चुकली. ओंडक्याच्या दोन्ही बाजूंनी, या टोकापासून त्या टोकापर्यंत, आणि कोपऱ्यातल्या खोगिरासारख्या खाचांभोवती अशी रेघ मारतात. मग ओंडका उलटा करतात आणि चेनसॉने रेघेपर्यंत कापत येतात, शेवटचा केसभर भाग पटाशीने. आतून पन्हळीसारखं पोखरतात, म्हणजे फक्त दोन कडा टेकतात. त्या पन्हळीत थंडी अडवणारं भरण घालायचं आणि ओंडका पुन्हा सुलटा करून जागेवर उतरवायचा. चांगल्या कारागिराच्या सांध्यात कार्डाचा पुठ्ठासुद्धा शिरत नाही. चुकीचा कापला तर टनभराचं लाकूड वाया, आणि शेजारी उभा असलेला मालक काहीही न बोलता निघून जातो. ते न बोलणं फार वाईट.

सुताराच्या मुलाला इथे एक शंका यायलाच हवी. हे सगळं ओल्या लाकडात? सिन्नरच्या सुताराने ओल्या सागाची चौकट केली असती तर गावाने हसून घेतलं असतं. यात खरी मेख आहे. ओंडका वाळताना लांबीत जवळजवळ आटत नाही, जाडीत आटतो. आडवे ओंडके रचलेली आठ फुटांची भिंत काही वर्षांत सहा इंचांच्या आसपास खाली बसते. धंद्यात हिशोब उंचीच्या सहा टक्क्यांचा धरतात. पण त्याच घरातला उभा खांब मात्र आहे तेवढाच राहतो. मग छप्पर भिंतीबरोबर खाली येणार की खांबावर अडून राहणार? म्हणून प्रत्येक खांबाखाली स्क्रू जॅक, म्हणजे मळसूत्राने वर-खाली होणारा टेकू, बसवतात आणि भिंत बसेल तसा तो थोडा थोडा उतरवत जातात. खिडकी-दाराच्या डोक्यावर मोकळी जागा ठेवून ती पट्टीने झाकतात. पाइपांना सरकते जोड देतात, जिना दोन्ही टोकांना पक्का करत नाहीत. मी पाहिलेल्या एका घरात मालकाने हौसेने स्वयंपाकघराची कपाटं थेट ओंडक्यांना आणि फरशीला दोन्हीकडे ठोकली होती. दोन हिवाळ्यांत कपाटांची दारं उघडेनाशी झाली आणि दोष बिचाऱ्या बांधणाऱ्याला.

हे सगळं आधी कागदावर आखावं लागतं. कुठला भार कुठून उतरतो, काय हलणार, काय हलणार नाही. मेकॅनिकलची पदवी वाया गेली असं ज्याला वाटतं त्याने असं एक घर आखून दाखवावं.

पण, आणि हा ‘पण’ मोठा आहे, तुमचा मुलगा यातलं काय करतो हे तुमच्या पत्रातून कळत नाही. यार्डात नव्या माणसाला पहिलं काम मिळतं साल सोलायचं. दोन मुठींचं पातं दोन्ही हातांनी आपल्याकडे ओढत ओंडक्याची साल काढायची, दिवसभर. ते शिकायला आठवडा पुरतो आणि खांदे दुखायला एक दुपार. त्यानंतर घासणं, रंगाचे हात, ओंडके फिरवणं. काही पोरं वर्षभरात स्क्राइबर हातात घेतात, काही चार वर्षं सालच सोलतात, कारण मालकाला स्वस्तात सोलणारा हवाच असतो. तुमच्या सगळ्या प्रश्नांची किल्ली इथे आहे. त्याला ‘हे काम कधी सोडणार’ असं विचारू नका. ‘आज काय कापलंस’ असं विचारा. स्क्राइबरचं काम सुरू झालं असेल, नकाशे वाचायला देत असतील, बसवणीला जागेवर नेत असतील, तर त्याला ऑफिसात ढकलू नका. वर्ष झालं तरी हातात पातंच असेल, तर काम चांगलं असो की वाईट, ते यार्ड त्याच्यासाठी चांगलं नाही. मग यार्ड बदलावं.

यात कागदपत्रांची बाजू आहे, आणि ती भावनांपेक्षा तातडीची आहे. कॅनडा सरकार कामांना कौशल्यानुसार ० ते ५ अशा पायऱ्या लावतं. सुतार दुसऱ्या पायरीवर, बांधकामावरचा मदतनीस पाचव्या. तिथल्या नोकरीच्या अनुभवावर कायम वास्तव्य मागण्याचा जो नेहमीचा मार्ग आहे, त्यात ० ते ३ पायऱ्यांचाच अनुभव धरतात, किमान एक वर्षाचा. म्हणजे सोलणाऱ्याचं वर्ष तिथे शून्य आणि सांधे करणाऱ्याचं वर्ष पूर्ण. मालकाच्या पत्रात तो नेमकं काय करतो ते लिहिलेलं हवं, आणि जे लिहिलंय ते तो खरंच करत असायला हवा. दुसरं, त्या मार्गात स्वयंरोजगाराचा अनुभव धरत नाहीत. छोट्या यार्डांत पोरांना नोकर न म्हणता ‘कंत्राटदार’ म्हणून पैसे देण्याची खोड असते. मालकाचे कर आणि वर्गण्या वाचतात, पोराला हातात चार डॉलर जास्त दिसतात आणि तो खूश. त्याला पगाराची चिठ्ठी बघायला सांगा. पेन्शन आणि बेकारी विम्याची कपात त्यात दिसत असेल तर तो नोकर आहे. दिसत नसेल तर आजच मालकाशी बोलायला हवं. आणि भागीदार झाला तर तो स्वतःचाच मालक समजला जाऊन उरलेलं सव्वा वर्ष मोजणीतून जाण्याचा धोका आहे. पंधरा लाख नको म्हणण्याचं माझं पहिलं कारण हे. एखाद्या परवानाधारक इमिग्रेशन सल्लागाराला किंवा वकिलाला फी देऊन विचारा. कायम वास्तव्यासाठी कारागिरांच्या निवडीच्या २०२३पासून वेगळ्या फेऱ्याही निघू लागल्या आणि सुतार त्या यादीत होते, पण हे नियम सतत बदलतात. व्हॉट्सॲपवरच्या मामेभावाच्या मित्राचं ऐकू नका.

जमलं तर त्याने सुतारकामाची रीतसर उमेदवारी नोंदवावी. चारेक वर्षं काम आणि मधूनमधून काही आठवडे वर्ग, शेवटी परीक्षा. कॅमलूप्सच्याच थॉम्पसन रिव्हर्स विद्यापीठात सुतारकाम शिकवतात. त्या शिक्क्यावर कॅनडाभर काम मिळतं, नुसत्या ओंडक्यांचं नाही, कुठलंही.

पंधरा लाख नको म्हणण्याचं दुसरं कारण धंद्याचं. ही घरं बहुतेकदा कोणाचं तरी दुसरं घर असतात, तळ्याकाठचं, डोंगरातलं. पैसा घट्ट झाला की माणूस पहिल्यांदा ज्या गोष्टीवर काट मारतो त्यातली ती. २००८ साली अमेरिकेतला घरबाजार कोसळला तेव्हा इथल्या यार्डांतल्या ऑर्डरी आटल्या आणि कित्येकांनी कुलपं लावली. लाकडाचंही तसंच. १९९०च्या दशकाच्या अखेरीस या भागात पाइनच्या झाडांना किड्याची साथ लागली. हिवाळे पूर्वीसारखे कडक राहिले नव्हते म्हणून किडे मरत नव्हते. प्रांतातला विकाऊ पाइन अर्ध्याहून जास्त मेला. उभी वाळलेली झाडं काही वर्षं घरांना छान उपयोगी पडली, कमी आटायची, पण तो साठा कायमचा नव्हता. आणि २०१७च्या जुलैत वणव्यामुळे १०० माईल हाऊस गावच रिकामं करावं लागलं होतं. भागीदारीच घ्यायची असेल तर कायम वास्तव्य मिळाल्यावर, आणि तेव्हाही आधी तीन-चार वर्षांचे हिशोब मागून. आवाराची जमीन मालकाची की भाड्याची? क्रेन कोणाची, तिच्यावर कर्ज किती? बँकेत दिसणारी रक्कम नफा आहे की गिऱ्हाइकांच्या आगाऊ रकमा? या धंद्यात आगाऊ रक्कम मोठी असते, ती स्वतःची समजून खर्च करणारे बुडतात. वर्षभराच्या पोराला कोणी भागीदारी देऊ करतो तेव्हा माझ्या मनात तरी पहिला प्रश्न हाच येतो की मालकाला माणूस हवाय की पैसे.

धोक्याचं विचारलंत. आहे. चेनसॉ उसळून येतो तो अपघात सगळ्यांना माहीत असतो, त्यासाठी पायांवर संरक्षक पँट आणि साखळीला ब्रेक असतो. मला जास्त काळजी हळूहळू होणाऱ्या इजांची वाटते, कारण त्याबद्दल पोरं बोलत नाहीत. चेनसॉचा आवाज शंभर डेसिबलच्या वर जातो. तिथला कायदा आठ तासांना ८५ची मर्यादा घालतो. कानावर संरक्षण न घालता काम करणारा चाळिशीत टीव्हीचा आवाज वाढवू लागतो. यंत्राच्या थरथरीने बोटांच्या रक्तवाहिन्या आणि नसा बिघडतात. थंडीत बोटं पांढरीफटक पडतात, रात्री मुंग्या येतात. ते सुरुवातीला दिसलं तर थांबवता येतं, नंतर फार काही करता येत नाही. तिसरं, तो कुठलं लाकूड कापतो ते विचारा. रेड सीडर नावाच्या झाडाचं असेल तर त्याच्या भुशातल्या एका आम्लाने काहींना दमा होतो. व्हँकुव्हरच्या डॉक्टरांनी यावर बरंच संशोधन केलं आहे. खूण अशी की कामाच्या दिवसांत, विशेषतः संध्याकाळी-रात्री खोकला, सुट्टीवर गेलं की बरं, परत आलं की पुन्हा सुरू. असं असेल तर ‘हवा लागत नाहीये’ म्हणून काढा पाठवू नका, डॉक्टरकडे पाठवा आणि कामाचं नाव सांगायला सांगा. कामावरच्या दुखापतीसाठी प्रांताची विमा व्यवस्था आहे, तिचे पैसे मालक भरतो. इथेही तो नोकर असलेला बरा, कंत्राटदार असेल तर या विम्याचं संरक्षण त्याला आहे की नाही ते त्याने आधी विचारून घ्यावं.

चेनसॉ कोणी साठीपर्यंत चालवत नाही. चाळिशी-पंचेचाळिशीपर्यंत शहाणी माणसं आखणीकडे, क्रेनकडे, शिकवण्याकडे किंवा स्वतःच्या यार्डाकडे वळलेली असतात. इथे तुमच्या मुलाकडे पदवी आहे, बाकीच्या पोरांकडे बहुधा नाही. ऑफिसातली खुर्ची त्याला मिळायचीच असेल तर ती या रस्त्यानेही मिळेल, आणि तेव्हा समोरचा ओंडका म्हणजे काय हे त्याला ठाऊक असेल.

स्थळांना खरं सांगा. ‘कॅनडात बांधकाम क्षेत्रात आहे’ असलं गोलमाल वाक्य नको, ते लग्नानंतर महिन्याभरात उघडं पडतं. तो लाकडाची घरं बांधतो, अंगमेहनतीचं काम आहे, कर्ज अमुक उरलंय, कायम वास्तव्य अजून नाही. आणि मुलीला गाव नीट समजावून सांगा. हिवाळ्यात उणे वीसच्या खाली तापमान, शेजारी मराठी कोणी नाही. त्याच भागातल्या विल्यम्स लेक गावात पंजाबी कुटुंबं आहेत, लाकूड गिरण्यांत कामाला आलेली आणि पिढ्यान्‌पिढ्या रुळलेली. सणाला त्यांच्यात मिसळता येईल. कॅमलूप्स मोटारीने दोन-अडीच तास. तिची नोकरी कुठे असेल हे त्याने आधी सांगावं, तिने तिथे पोचल्यावर शोधायला नको. हे ऐकून नकार देणारी मुलगी वाईट नाही, वेळ वाचवणारी आहे.

राहिला तुमच्या यजमानांचा राग. त्याला मी वेडेपणा म्हणणार नाही. आपल्याकडे रंध्याने घर चालवलं, पण रंधा धरणाऱ्याला ओटीवर बसवलं नाही. ज्याने बापाला दुसऱ्याच्या वाड्यात दार बसवून पायरीवर चहा पिताना पाहिलंय, त्याला मुलाच्या हातातला चेनसॉ बघून काय वाटत असेल हे त्यांनाच ठाऊक. तिथे मुलाला त्या पायरीवर कोणी बसवत नाही. जातही कोणी विचारत नाही, निदान तो आडनावावरून जात ओळखणाऱ्या आपल्या माणसांत जाईपर्यंत. पण हे मी लिहून किंवा तुम्ही सांगून त्यांना पटणार नाही, आणि पटवायच्या मागे लागूही नका. त्यांना एक काम द्या. लाकूड ओलं असताना सांधा बसवला तर तो आटल्यावर उघडत कसा नाही, हे मुलाला विचारायला सांगा. त्याचं उत्तर लांबलचक आहे, पोराला ते देता येतं की नाही यावरून त्यालाही कळेल आणि त्यांनाही.

जाऊन जरूर या, दोघंही. मार्च-एप्रिलमध्ये नको, बर्फ वितळून सगळा चिखल असतो. जुलै-ऑगस्टला वणव्याचा धूर असू शकतो. सप्टेंबर चांगला. यार्डात शिरायला जाड तळाचे बूट लागतील, चपलांवर आत घेणार नाहीत. व्हिसाच्या अर्जाला बोटांचे ठसे द्यावे लागतात आणि वेळ लागतो, तेव्हा अर्ज लवकर करा.